पुन्हा रॅकेट हाती घेताना

पन्नाशीच्या उंबरठ्यावर टेनिसकडे परतू पाहणारे गृहस्थ पुष्कळदा प्रथम माळ्यावरची लाकडी रॅकेट खाली काढतात. तात सैल पडलेली, चौकटीस बाक आलेला. तरी ममत्व सुटत नाही. रामनाथन् कृष्णन् १९६० व १९६१ साली विम्बल्डनच्या उपान्त्य फेरीत पोहोचले ते लाकडी रॅकेटनेच! परंतु तिचे वजन पावणेचारशे ग्रॅमच्या घरात आणि जाळीचे क्षेत्र जेमतेम सत्तर चौरस इंच असे. आजच्या ग्राफाइटच्या रॅकेटमध्ये ते शंभर ते एकशेदहा इंच मिळते, आणि मंदावलेल्या नजरेस तेवढा आधार हवाच.

दुकानदार सर्वांत हलकी रॅकेट पुढे करील. येथेच सावध राहावे. फार हलक्या व ताठ चौकटीतून चेंडूचा हादरा सरळ कोपरात उतरतो, आणि ते दुखणे महिनोन्‌महिने हटत नाही. दोनशे ऐंशी ते तीनशे ग्रॅमची, किंचित लवचीक रॅकेट बरी. पॉलिएस्टरची कडक तार तरुणांस लखलाभ असो. आपण नायलॉनची मऊ, बहुपदरी तार घ्यावी व ती दोन-चार पौंड सैल ओढवून घ्यावी.

मूठ धरल्यावर अनामिकेचे टोक व तळवा यांमध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी बसावी. ती मावत नसेल तर मूठ बारीक आहे. अशी मूठ आवळून धरावी लागते आणि मनगट शिणते. पैसे मोजण्यापूर्वी स्नेह्याची रॅकेट मागून तासभर खेळून पाहावे.