पिकअपचा फ्लेक्स पाईप : सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

भाजीपाला, दूध, मासळी, सिमेंटच्या गोण्या, मंडपाचं सामान असं काहीही वाहणाऱ्या अनेक पिकअप गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये, इंजिनापासून जवळच, वीतभर लांबीचा लवचिक तुकडा असतो. वरून तारेची जाळी दिसते. गॅरेजमध्ये त्याला कुणी फ्लेक्सिबल म्हणतं, कुणी बेलो, कुणी जाळीचा पाईप.

इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेलं असतं, त्यामुळे ते सतत हलतं. पिकअपमध्ये ते बहुधा लांबीच्या दिशेने बसवलेलं असल्याने ॲक्सिलरेटर दाबला की एका बाजूला कलतं. सायलेन्सर मात्र चासीला टांगलेला असतो. त्यात उष्णतेची भर पडते : एक मीटर लांबीचा साधा पोलादी पाईप ४०० अंश सेल्सिअसने तापला, तर सुमारे ५ मिलिमीटरने लांबतो. हा सगळा ताण फ्लेक्स पाईप स्वतःवर घेतो. तो हलण्यासाठीच बनवलेला सांधा आहे. त्याला साधी नळी समजलं की पुढचे गैरसमज सुरू होतात.

गैरसमज १ : आवाज फाटला म्हणजे सायलेन्सर गेला.

वस्तुस्थिती : आवाज पुढून, केबिनच्या खालून येत असेल, तर आधी फ्लेक्स पाईप पाहावा. सकाळी थंड इंजिन सुरू करताना ‘टक-टक’ किंवा ‘फस-फस’ ऐकू येणं, जोर दिल्यावर ते वाढणं आणि जाळीवर किंवा जोडाभोवती काजळीचे काळे डाग दिसणं, या गळतीच्या खुणा आहेत. खात्री करायची तर थंड इंजिन सुरू करून, हातात जाड हातमोजा घालून, मागच्या टोकाशी क्षणभर कापडाचा बोळा धरावा. आतला दाब वाढतो आणि गळती जिथे असेल तिथून फुसकारा स्पष्ट येतो. ही तपासणी उघड्या जागेतच करावी. मॅनिफोल्डजवळचं गॅस्केट फुटलं तरी असाच आवाज येतो, म्हणून जागा नक्की झाल्याशिवाय नवा भाग आणू नये.

गैरसमज २ : वरची जाळी उसवली म्हणून काय बिघडलं? ती शोभेची आहे.

वस्तुस्थिती : धूर अडवायचं काम जाळी करत नाही, हे खरं. ते काम तिच्या आतल्या घड्याघड्यांच्या पातळ स्टेनलेस पत्र्याचं, म्हणजे बेलोचं. पण बेलोने किती ताणायचं याची हद्द जाळी ठरवते आणि उडणाऱ्या खडीपासून त्याला जपते. जाळीच्या तारा तुटल्या की बेलो गरजेपेक्षा जास्त ताणला जातो आणि घडीच्या कडेवर तडा जातो. म्हणून उसवलेली जाळी दिसली की पाईप बदलायची तयारी करावी.

गैरसमज ३ : तड्यावर वेल्डिंग मारलं की झालं. नाहीतर सरळ पाईप टाकावा, कटकटच मिटते.

वस्तुस्थिती : हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज. बेलोचा पत्रा इतका पातळ असतो की वेल्डिंगच्या उष्णतेने तिथे नवं भोक पडतं. भोक बुजलंच, तरी तेवढी जागा कडक होते आणि लगतच्या घडीला तडा जातो. साध्या इपॉक्सी लांबीला एवढं तापमान सोसत नाही. उष्णता सोसणारी पेस्ट स्थिर जोडावर टिकते, पण हलणाऱ्या घड्यांवर ती भेगाळून गळून पडते.

सरळ पाईप टाकल्यावर आवाज थांबतो, पण इंजिनाची हालचाल थांबत नाही. तो ताण मॅनिफोल्डच्या स्टडवर, टर्बोच्या जोडावर, सेन्सरच्या बैठकीवर आणि सायलेन्सरच्या हँगरवर जातो. काही काळाने यांतलं एखादं तुटतं आणि त्याचा खर्च फ्लेक्स पाईपच्या कितीतरी पट असतो. सरळ तुकड्यासाठी नळकामाचा जीआय पाईप वापरणं तर आणखी घातक. त्यावर जस्ताचा थर असतो. वेल्डिंग करताना निघणाऱ्या जस्ताच्या धुराने कारागिराला थंडीताप भरतो.

योग्य पद्धत अशी. खराब तुकडा फ्लेक्सच्या दोन्ही बाजूंना चांगला, जाड पत्रा लागेपर्यंत कापावा. दोन्ही टोकांना साधी नळी जोडलेला तयार फ्लेक्स पाईप घ्यावा, म्हणजे वेल्डिंग नळीवर होतं आणि जाळी व बेलोला झळ लागत नाही. गाडीखाली फक्त टाके मारून माप धरावं, मग शक्य असेल तर पाईप खाली काढून पूर्ण वेल्डिंग करावं. स्टेनलेस आणि साधं पोलाद जोडायला ३०९ प्रकारची वेल्डिंग सळई लागते.

गैरसमज ४ : डिझेलच्या धुराने काही होत नाही. विषारी असतो तो पेट्रोलचा.

वस्तुस्थिती : डिझेल इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड तुलनेने कमी निघतो, पण तो असतोच. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या २०० पटींहून अधिक ओढीने चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही त्याची लक्षणं रात्री गाडी चालवणाऱ्याला थकव्याची वाटतात. शिवाय डिझेलच्या धुरात नायट्रोजनची ऑक्साइडं आणि बारीक काजळी असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकला.

नाशिककडून वाशीच्या बाजारात रात्री माल नेणारा चालक पावसात आणि थंडीत काचा बंद ठेवतो. गळती नेमकी त्याच्या पायाखाली असते. क्लचच्या आणि गिअरच्या रबरी बुटातल्या फटींतून धूर आत येतो. केबिनमध्ये धुराचा वास आला किंवा डोकं दुखू लागलं, तर काचा उघडाव्यात, गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करावं, मोकळ्या हवेत यावं. गळकी गाडी चालू ठेवून केबिनमध्ये झोप घेणं जिवावर बेतू शकतं.

गैरसमज ५ : पीयूसीत पास झाली, म्हणजे एक्झॉस्ट ठीक आहे.

वस्तुस्थिती : चाचणीची नळी मागच्या टोकात घालतात. वाटेत गळणारा धूर त्या यंत्रापर्यंत पोचतच नाही. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ प्रदूषण मानकांच्या गाड्यांमध्ये प्रश्न आणखी गंभीर आहे. डिझेलची काजळी पकडणाऱ्या फिल्टरच्या आधी गळती असेल, तर तेवढा धूर न गाळता बाहेर पडतो. पेट्रोल किंवा सीएनजी गाडीत ऑक्सिजन सेन्सरच्या अलीकडे गळती असली, तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सर चुकीचा निरोप देतो आणि इंधनाचं प्रमाण बिघडतं.

गैरसमज ६ : स्टेनलेस आहे, गंजणार नाही.

वस्तुस्थिती : मीठ स्टेनलेसलाही खातं. क्लोराइडमुळे त्यावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात आणि ताणाच्या जागी तडे जातात. कोकणात मासळी वाहणाऱ्या पिकअपमधून बर्फाचं खारट पाणी खाली झिरपतं, वर समुद्राची हवा असतेच. अशा गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने नियमित धुवावा, पण इंजिन थंड झाल्यावर.

गैरसमज ७ : व्यास जुळला, पाईप बसला, काम संपलं.

वस्तुस्थिती : व्यासाइतकीच लांबीही जुळायला हवी. आखूड पाईप ओढून किंवा वाकडी नळी ढकलून बसवली, तर नवा बेलो पहिल्या दिवसापासून ताणाखाली राहतो. तो वाकणं सोसतो, पण पीळ सोसत नाही. म्हणून सगळे नट आधी सैल लावावेत, पाईप सरळ आहे हे पाहावं, मगच आवळावेत. आत अस्तर असलेल्या काही पाईपांवर बाण असतो, तो धुराच्या दिशेने ठेवावा. गॅस्केट नवंच घालावं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे जुना पाईप का गेला, हे शोधावं. इंजिनाचं फाउंडेशन बसलं असेल किंवा सायलेन्सरचं रबर तुटलं असेल, तर नवा पाईपही तसाच फाटेल.

काम करताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नये, सपाट जागेत स्टँड लावावेत. एक्झॉस्ट पूर्ण थंड होऊ द्यावा. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी, अर्थचा चिमटा वेल्डिंगच्या जवळ एक्झॉस्टवरच लावावा, सेन्सरचे प्लग काढावेत, डिझेलची आणि ब्रेकची नळी झाकावी, अग्निशामक हाताशी ठेवावा. काम झाल्यावर गाडी एकदा तापवून थंड होऊ द्यावी आणि नट पुन्हा तपासावेत.

पिकअपचा मालक आणि चालक बहुतेक वेळा वेगवेगळे असतात. खर्च मालक टाळतो, धूर चालकाच्या छातीत जातो. म्हणून मालकांना एवढीच विनंती : चालकाने “गाडी खालून आवाज करते, वास येतो” असं सांगितलं, तर पुढच्या फेरीची वाट पाहू नका. गाडी त्याच दिवशी गॅरेजला लावा आणि पाईप बदलूनच रस्त्यावर आणा.