बटण कीं कांच?

खामगांव तालुक्यांतील पिंपळगांव राजा येथें आमच्या घरीं गेल्या दिवाळींत एक लहानसा प्रसंग घडला. आमच्या आत्याबाईंचें वय ऐंशीच्या पुढें. दृष्टि अधू झालेली. त्यांचा जुना बटणांचा फोन बिघडला, म्हणून पुतण्यांनीं हौसेनें मोठ्या कांचेचा नवा टच फोन आणून दिला. सहा वर्षांची नात तो सहज चालवूं लागली. आत्याबाईंनीं मात्र चार दिवसांत तो देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यांत ठेवून दिला. पूर्वी सांजवात झाली कीं त्या अकोल्याच्या धाकट्या बहिणीस आपल्या हातानें फोन लावीत. आतां कोणी लावून दिला तरच बोलणें होई. एके रात्रीं त्या सूनबाईंस म्हणाल्या, "अगं, फोन मोठा झाला, पण मी लहान झालें."

हा दोष आत्याबाईंच्या बुद्धीचा नव्हे. बटणाची ओळख बोटास असते, कांचेची डोळ्यास. बटण आपली जागा सोडीत नाहीं, दाबलें गेल्याचें बोटास सांगतें, आणि पांचाच्या आंकड्यावर बहुधा एक बारीक उंचवटा असतो. त्यावरून बाकीचे आंकडे न पाहतां सांपडतात. संगणकाच्या कळफलकावरहि इंग्रजी एफ् व जे या कळांवर असेच उंचवटे असतात. मराठीच्या इन्स्क्रिप्ट रचनेंत त्याच कळांवर ऱ्हस्व वेलांटी आणि र येतात. या रचनेंत स्वर डाव्या हाताकडे व बहुतेक व्यंजनें उजव्या हाताकडे असतात. क च्या कळेवरच शिफ्टसह ख उमटतो. आपली वर्णमालाच जणूं दोन हातांत वांटून दिलेली आहे. म्हणून सराव झालेला मनुष्य डोळे मिटूनहि लिहूं शकतो.

कांचेचा व्यवहार निराळा. तिच्या पृष्ठाखालीं विजेचा अत्यंत सूक्ष्म प्रभार राखलेला असतो. बोट टेकतांच त्यांत जो फरक पडतो, त्यावरून स्पर्शाची जागा यंत्रास कळते. बोट फार कोरडें वा भेगाळलेलें असेल, किंवा कांचेवर पाणी असेल, तर हा अंदाज चुकतो. आयुष्यभर भांडीं घासून आणि शेतांत राबून ज्यांचीं बोटें राठ झालीं, त्यांस हा अनुभव पदोपदीं येतो. शिवाय कांपरा हात नुसता टेकला तरी कांच ती आज्ञाच समजते. बटणास निदान दाब तरी द्यावा लागतो.

तथापि एवढ्यावरून कांच त्याज्य ठरविणें अन्यायाचें होईल. टंकयंत्राच्या मोजक्या कळांत आपली लिपि बसवितांना अर्धीं अक्षरें वेगळीं काढावीं लागलीं, व शिकणारांस तीं घोकावीं लागलीं. कांचेवरील कळ मात्र वेळेनुसार रूप पालटूं शकते. मुंबईच्या आय. आय. टी. ने २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'स्वरचक्र' या योजनेंत क वर बोट ठेवतांच भोंवतीं का, कि, की, कु अशी बाराखडी चक्राकार उमटते. इष्ट रूपाकडे बोट सरकविलें कीं काम झालें. अंध जनांसहि कांच सर्वस्वीं बंद नाहीं. २००९ सालीं आयफोनमध्यें 'व्हॉइसओव्हर' आलें. अँड्रॉइड फोनांत 'टॉकबॅक' आहे. बोट जेथें फिरेल तेथील नांव फोन उच्चारतो, आणि दोनदां टिचकी मारल्यावर तें उघडतें. मात्र हें शिकविणारा कोणी जवळ हवा, व त्यास धीर हवा.

व्यवहाराच्या मोठ्या क्षेत्रांतहि हाच विचार दिसतो. मतदानयंत्रावर आजहि बटणें आहेत, व त्यांच्या शेजारीं ब्रेल आंकडे आहेत. रिझर्व्ह बँकेनें मार्च २०२२ मध्यें साध्या बटणांच्या फोनवरून पैसे देण्याची 'यूपीआय १२३पे' ही सोय सुरू केली. ३० एप्रिल २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, अशा साधनांपर्यंत पोंचतां येणें हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे. तो खटला बँकेच्या ओळखपडताळणीसाठीं कॅमेऱ्यासमोर पापण्या मिटणें ज्यांस शक्य नाहीं अशा आम्लहल्लाग्रस्तांचा व अंधांचा होता. जें न्यायालयास मान्य झालें, तें आपल्या माजघरांत अमान्य कां असावें?

आम्हीं शेवटीं काय केलें? जुना फोन दुरुस्त करून आणला आणि दोनाचें बटण दाबून धरलें कीं बहिणीस फोन लागेल अशी योजना केली. टच फोनहि काढून घेतला नाहीं. त्यांतील अक्षरें मोठीं केलीं, व नात दुपारीं आजीजवळ बसून टॉकबॅकचे धडे देते. तूर्त आत्याबाई तो फक्त कीर्तन ऐकण्यास वापरतात. पुढचें त्या ठरवितील.

वडील माणसांसाठीं फोन घेतांना दुकानदारास किंमत विचारण्यापूर्वी त्यांच्या हातांत तो द्यावा, आणि त्यांनीं स्वतः एक फोन लावेपर्यंत आपण हात मागें ठेवावा, एवढीच आमची वाचकांस विनंति. आमच्या घरीं सांजवात झाली कीं आतां पुन्हां बटणाचा तो बारीक आवाज येतो, आणि लगेच ऐकूं येतें, "अगं, मीच बोलतेंय."