डॉक्टर मोजले, बाकीचे हात कोणी मोजले?

मागावर विणणारा एक असतो, पण त्या एका मागामागे किती माणसे राबतात हे भिवंडी-मालेगावच्या वाचकांना सांगायला नको. सुताला खळ देणारा सायझिंगवाला, बीम आणणारा, तार भरणारा, कांडी भरणारा, माग अडला तर तो चालू करून देणारा जॉबर आणि शेवटी ताक्याची घडी घालणारा. समजा एखाद्या कारखानदाराने कर्ज काढून बारा नवे माग उभे केले आणि कांडी भरणारे आणलेच नाहीत, तर त्याला आपण काय म्हणू? हिशेब चुकला असेच म्हणू.

आपल्या देशातील दवाखान्यांचा हिशेब अशाच रीतीने चुकत आला आहे. आम्ही कापडाचे व्यापारी. वैद्यकीय खात्याचा आमचा संबंध आजारपणापुरता. परंतु आमच्या घरातच एक प्रसंग घडला आणि या विषयात लक्ष घालणे भाग पडले. तो प्रसंग पुढे येईलच. त्याआधी सरकारने नेमलेल्या समित्यांनी काय सांगून ठेवले होते ते पाहू.

भोर समितीचा ताळेबंद

स्वातंत्र्यापूर्वी १९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९४६ साली आला. देशात रोग किती, दवाखाने किती, हे पाहतानाच काम करणारी माणसे किती, हेही या समितीने मोजले. त्या वेळी ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर होता आणि ४३,००० लोकांमागे एक नर्स. म्हणजे जवळजवळ सात डॉक्टरांमागे एक नर्स!

समितीने १९७१ सालापर्यंतचे उद्दिष्ट आखून दिले. २,००० लोकांमागे एक डॉक्टर आणि ३०० लोकांमागे एक नर्स. वाचकांनी हे आकडे पुन्हा एकदा पाहावेत. यात एका डॉक्टरमागे साडेसहाहून जास्त नर्स येतात. म्हणजे भोर समिती केवळ माणसे वाढवा असे सांगत नव्हती. तराजू उलटा लागला आहे, तो सुलटा करा, असे तिचे सांगणे होते.

पुढे काय झाले? डॉक्टर वाढवण्याची गोष्ट सर्वांना पटली, कारण मेडिकल कॉलेज उघडले की त्याची कोनशिला बसते, मंत्री येतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते. कांडी भरणाऱ्याचे छायाचित्र कोण छापतो? २०१४ पूर्वी देशात एम.बी.बी.एस.च्या सुमारे ५१ हजार जागा होत्या, २०२४ पर्यंत त्या एक लाखावर गेल्या. ही वाढ चांगलीच आहे, तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती दुसऱ्या पारड्याबद्दल.

समित्यांमागून समित्या

भोर समितीनंतर १९६० च्या सुमारास मुदलियार समितीने पुन्हा आढावा घेतला. १९७३ साली कर्तारसिंग समितीने सांगितले की मलेरियाचा एक, देवीचा एक, कुटुंबनियोजनाचा एक, असे वेगवेगळे कर्मचारी एकाच गावात पाठवण्यापेक्षा सर्व कामे जाणणारा बहुउद्देशीय कर्मचारी तयार करा. १९७५ साली श्रीवास्तव समितीने गावातलाच माणूस शिकवून आरोग्याच्या कामाला लावावा असे सुचवले. २००५ पासून गावोगाव दिसणाऱ्या आशा सेविका ही त्याच विचाराच्या वाटेवरची पुढची पायरी म्हणता येईल.

मात्र आमच्या वाचकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची समिती म्हणजे १९८६ ची बजाज समिती. डॉ. जे. एस. बजाज तिचे अध्यक्ष होते. तिचे पूर्ण नावच बोलके आहे : आरोग्य मनुष्यबळाचे नियोजन, निर्मिती आणि व्यवस्थापन यासाठीची तज्ज्ञ समिती. कापडाच्या भाषेत सांगायचे तर मागणीचा अंदाज, माल तयार करणे आणि तो योग्य बाजारात पोहोचवणे, हे तिन्ही एका हाताखाली आणायचे.

या समितीने सुचवले की केंद्रात आणि प्रत्येक राज्यात केवळ मनुष्यबळाचा हिशेब ठेवणारा कक्ष असावा. किती माणसे लागतील याची प्रत्यक्ष पाहणी व्हावी. आरोग्यविज्ञानाची स्वतंत्र विद्यापीठे निघावीत. आणि दहावीनंतरच्या दोन वर्षांत आरोग्याशी संबंधित व्यवसायशिक्षण द्यावे, म्हणजे दवाखान्यांना चांगली शिकलेली सहायक माणसे पुरेशा संख्येने मिळतील.

ही शेवटची शिफारस आम्ही दोनदा वाचली. आपल्या कारागिरांच्या मोहल्ल्यांत दहावी-बारावीनंतर शिक्षण सोडणारी मुले किती, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. डॉक्टर होण्याइतके गुण नाहीत, तेवढा पैसाही नाही. हुशारी मात्र आहे आणि हाताला हुनर आहे. त्यांच्यासाठीच जणू ही शिफारस लिहिली होती.

शिफारस ही हुंडी नव्हे

परंतु सल्लागार समितीच्या हातात तिजोरी नसते. ती माल किती लागेल ते सांगते, खरेदीची वर्दी देत नाही. त्यात सार्वजनिक आरोग्य हा घटनेने राज्यांकडे दिलेला विषय. केंद्राच्या समितीचे म्हणणे राज्याने मानले तर ठीक, नाही तर अहवाल कपाटात राहतो. महाराष्ट्रात आरोग्यविज्ञान विद्यापीठ निघाले, पण १९९८ साली, नाशिकला. शिफारशीनंतर बारा वर्षांनी.

सहायक माणसांच्या बाबतीत तर आणखी उशीर झाला. नर्सिंगसाठी १९४७ साली, औषधविक्रेत्यांसाठी आणि दंतवैद्यांसाठी १९४८ साली केंद्रीय कायदा झाला. रक्त तपासणारा, एक्स-रे काढणारा, डायलिसिसचे यंत्र चालवणारा, शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरला मदत करणारा, यांच्यासाठी देशभर लागू होणारा कायदा आला तो २०२१ साली! २०१२ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी तयार झालेल्या एका अहवालात अशा माणसांची देशातील तूट सुमारे ६४ लाख सांगितली होती. तरीही कायद्याला आणखी नऊ वर्षे लागली.

याची किंमत काय पडते ते कोरोनाच्या वेळी दिसले. २०२० आणि २०२१ साली सरकारने ठिकठिकाणी व्हेंटिलेटर पाठवले. कित्येक ठिकाणी ते खोक्यात पडून राहिले. त्यात काही यंत्रे बिघडलेली होती, पण अनेक ठिकाणी ती चालवणारी माणसेच नव्हती. बारा माग आले, कांडी भरणारा नाही, अशीच गत झाली. फरक एवढाच की तिथे कापड अडत नव्हते, श्वास अडत होता.

आमच्या भाच्याची फी

आता घरातला प्रसंग. आमच्या बहिणीच्या मुलाने बारावीनंतर लॅब टेक्निशियनचा दोन वर्षांचा कोर्स केला. बाजारपेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर ती संस्था होती. भिंतीवर मोठमोठी प्रमाणपत्रे लावलेली. बहिणीने बांगड्या गहाण ठेवल्या, काही रक्कम आम्ही दिली. ग्राहकाला कापड दाखवताना आम्ही सुताचा नंबर, पन्हा, वजन सारे सांगतो. पण फी भरताना या संस्थेला मान्यता कोणाची, हे आम्ही विचारले नाही. तीस वर्षे व्यापार करणाऱ्या माणसाकडून ही चूक झाली, ती कबूल केलीच पाहिजे.

मुलाने मन लावून काम शिकले. एका खासगी लॅबमध्ये तुटपुंज्या पगारावर तीन वर्षे काढली. मग आखातातल्या एका रुग्णालयात जागा निघाली. तिथे नोकरी देण्यापूर्वी प्रमाणपत्राची मूळ ठिकाणी पडताळणी होते. पडताळणीत उत्तर आले की हा कोर्स कोणत्याही विद्यापीठाच्या किंवा मंडळाच्या यादीत नाही. संस्थेत गेलो तर फलक बदललेला होता, तिथे आता इंग्रजी संभाषणाचे वर्ग चालत होते.

मुलाने आम्हांला विचारले, "मामू, मी हजारो नमुने तपासले, ते सगळे खोटे होते का?" या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. त्याचे काम खोटे नव्हते. त्याचे नाव लिहून घेणारी देशभराची वहीच नव्हती, आणि वही नसल्याचा फायदा त्या संस्थेने घेतला. १९८६ साली जो हिशेब मांडायला सांगितला होता, तो वेळेवर मांडला असता तर अशी दुकाने उघडणे अवघड गेले असते.

नव्या कायद्यात काय आहे

२०२१ च्या कायद्याने केंद्रात एक आयोग आणि राज्यांत परिषदा यांची तरतूद केली. पन्नासहून अधिक व्यवसाय दहा गटांत घेतले आहेत. प्रयोगशाळा, एक्स-रे व इतर प्रतिमातंत्र, फिजिओथेरपी, डोळ्यांची तपासणी, आहारशास्त्र, रुग्णालयातील नोंदींचे काम असे ते गट आहेत. सहायक व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचे शिक्षण, दोन ते चार वर्षांत. पदवीच्या दर्जाच्या व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तास, तीन ते सहा वर्षांत. आणि नोंदणीची वही, राज्याची व केंद्राची. कायदा झाला म्हणजे सारे सुरळीत झाले असे नव्हे, पण मापाला गज तरी मिळाला.

तेव्हा मुलामुलींना या व्यवसायात घालू पाहणाऱ्या पालकांना आमच्या अनुभवावरून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, फी भरण्याआधी मान्यता कोणाची ते लेखी मागा. भिंतीवरची चौकट म्हणजे मान्यता नव्हे. नर्सिंग असेल तर नर्सिंगची नियामक संस्था, फार्मसी असेल तर फार्मसी कौन्सिल, इतर कोर्स असेल तर विद्यापीठ किंवा संबंधित परिषद, यांच्याकडे संस्थेचे नाव स्वतः तपासा.

दुसरी, कोर्स किती तासांचा आणि त्यातले किती तास प्रत्यक्ष रुग्णालयात, हे विचारा. सहा महिन्यांत टेक्निशियन करून देतो म्हणणाऱ्याला तासांचा हिशेब मांडायला सांगा.

तिसरी, कोर्स झाल्यावर नाव कोणत्या वहीत नोंदले जाईल ते आधी समजून घ्या. नोकरी शेजारच्या गावात असो की समुद्रापलीकडे, विचारणा त्या वहीचीच होते.

चौथी, डॉक्टर झाला तरच मुलगा शिकला, ही समजूत सोडा. एम.बी.बी.एस.ला इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे लागतात, पुढे तज्ज्ञ व्हायला आणखी तीन. तोवर दवाखाना जे हात चालवतात, त्यांची गरज आजही आहे आणि उद्याही राहील.

आपल्या बाजारातील संघटना वर्षाला कितीतरी शिष्यवृत्त्या देतात. रक्कम देण्यापूर्वी संस्थेची मान्यता तपासण्याचे काम एखाद्या जाणकाराकडे सोपवले, तर त्याला एका दुपारपेक्षा जास्त वेळ लागणार नाही. आमच्या भाच्याची पाच वर्षे त्या एका दुपारीने वाचली असती. तो आता मान्यताप्राप्त कॉलेजात पुन्हा पहिल्या वर्षाला बसला आहे. वर्गात सर्वांत मोठा. या वेळी फी भरायला आम्ही स्वतः गेलो, आणि मान्यतेचा कागद पाहिल्याशिवाय पाकीट उघडले नाही.