आयफोनला पर्याय निवडतांना

घरांत नवा फोन घ्यावयाचें ठरलें म्हणजे बहुधा दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, घ्यावयाचा तर आयफोनच घ्यावा. दुसरा म्हणतो, तेवढ्या पैशांत घरांतील तिघांना फोन येतील. नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावर मोबाईलच्या दुकानांची जी दाटी आहे, तेथें उभें राहिल्यास हा वाद कानीं पडावयास वेळ लागणार नाहीं. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. परंतु वाद चालतो तो किंमतीवर आणि दिसण्यावर. आणि ज्या गोष्टीवर खरा निर्णय व्हावयास पाहिजे ती दुकानाच्या कांचेआड मांडलेली नसते. ती गोष्ट कोणती, हें आज पाहावयाचें आहे.

प्रथम या वादाचें मूळ पाहूं. ९ जानेवारी २००७ रोजीं स्टीव्ह जॉब्स यांनीं ॲपल कंपनीचा आयफोन जगापुढें मांडला. बोटाच्या स्पर्शानें चालणारा पडदा ही कांहीं त्या दिवसाची कल्पना नव्हे. ई. ए. जॉन्सन या इंग्रज संशोधकानें १९६५ सालींच अशा पडद्याचें वर्णन प्रसिद्ध केलें होतें. आयफोनपूर्वींही स्पर्शानें चालणारे फोन होते. पण त्यांतील बहुतेकांचे पडदे दाबावे लागत. त्या पडद्यांत दोन पातळ थर असतात व त्यांच्यामध्यें किंचित् अंतर असतें. नखानें अथवा काडीनें दाबलें म्हणजे वरचा थर खालच्यास टेकतो आणि दाब कोठें पडला तें यंत्रास कळतें. आयफोनचा पडदा निराळ्या तत्त्वावर चालतो. त्याच्या कांचेखालीं विद्युत्-वाहक पदार्थाची पारदर्शक जाळी असते. आपलें शरीरही विजेचें वाहक असल्यामुळें बोट जवळ येतांच त्या जागेची विद्युत्-धारकता बदलते आणि यंत्रास ती जागा सांपडते. दाबावें लागत नाहीं. नुसता स्पर्श पुरतो, आणि दोन बोटांचा स्पर्शही वेगवेगळा ओळखतां येतो. भर पावसांत पडद्यावर थेंब पडले कीं फोन भलतेंच कांहीं करूं लागतो, त्याचेंही कारण हेंच. पाणी त्याच्या हिशेबांत ढवळाढवळ करतें.

भारतांत आयफोन अधिकृतपणें आला तो २२ ऑगस्ट २००८ रोजीं, आणि त्याची किंमत होती ३१,००० रुपयांपासून पुढें. त्याच्या नांवांतच 'थ्रीजी' हा शब्द होता. परंतु त्या दिवशीं या देशांत थ्रीजी सेवा सुरूच झाली नव्हती! ज्या गुणासाठीं अधिक मोल मोजावयाचें तो गुण वापरण्याची सोयच येथें नव्हती. तेव्हां पर्याय शोधणाऱ्यांचें चुकत नव्हतें. मात्र त्या वेळचे पर्याय बरेचसे नांवापुरतेच होते. २००८ च्या अखेरीस निघालेला नोकियाचा ५८०० हा फोन दिसावयास स्पर्शाचा. पण त्याचा पडदा दाबावयाच्या जातीचा होता आणि सोबत काडी दिलेली असे. गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीवर चालणारा एचटीसीचा 'मॅजिक' हा फोन २००९ सालीं भारतांत आला, तेव्हां बरोबरीच्या तत्त्वावर चालणारा एक प्रतिस्पर्धी येथील ग्राहकास मिळूं लागला.

आज तो भेद उरलेला नाहीं. स्वस्तांतल्या स्वस्त स्मार्टफोनचा पडदाही आतां नुसत्या स्पर्शानें चालतो. छायाचित्रें सर्वच फोन काढतात, पैसे सर्वच फोनांवरून पाठवितां येतात. मग फरक राहिला कोठें? माझें उत्तर असें कीं, तो पडद्यावरून निघून काळांत गेला आहे. दुकानांत पहिल्या दिवशीं सर्व फोन सारखेच चपळ भासतात. चौथ्या वर्षीं ते सारखे राहात नाहींत.

याचें कारण नीट समजून घेतलें पाहिजे. फोन म्हणजे नुसतें यंत्र नव्हे. त्यांतील प्रणालीच्या आधारावर तो चालतो. त्या प्रणालींत नवे नवे दोष सांपडत असतात व चोर त्या दोषांवर टपलेले असतात. दोष सांपडला कीं निर्माता त्यावर दुरुस्ती धाडतो. हीच सुरक्षेची अपडेट होय. ती यावयाची थांबली म्हणजे फोन बंद पडत नाहीं, म्हणून धोका कळत नाहीं. कडी मोडलेलें दार बाहेरून लोटलेलें दिसावें, तशी ती स्थिति असते. २०१६ सालीं यूपीआय सुरू झाल्यापासून आपल्या घरची तिजोरी या दाराआड आली आहे. वडिलांचें निवृत्तिवेतन, बँकेचे परवलीचे आंकडे, आधारचे दाखले हें सारें त्यांतच असतें. शिवाय घरांतील रीत अशी कीं, मुलांनीं नवा फोन घ्यावा आणि जुना आईवडिलांकडे द्यावा. म्हणजे ज्यांना फसवणें सोपें, त्यांच्याच हातीं मोडक्या कडीचा फोन जातो.

तेव्हां दुकानदारास विचारावयाचा पहिला प्रश्न हा, कीं या फोनला सुरक्षेची अपडेट किती वर्षें मिळणार? या बाबतींत आयफोनची कीर्ति खोटी नाहीं. २०१८ सालच्या आयफोन एक्सएसला सात वर्षें नव्या आवृत्त्या मिळत गेल्या. २०२५ सालच्या आवृत्तीच्या वेळीं तो वगळला गेला. परंतु पर्यायांचीही स्थिति आतां पूर्वीसारखी नाहीं. गूगलनें २०२३ सालच्या पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगनें २०२४ सालच्या गॅलक्सी एस२४ ला सात सात वर्षांचें वचन दिलें. एवढेंच नव्हे, तर त्याच सालीं निघालेल्या गॅलक्सी ए१६ या माफक किंमतीच्या फोनलाही सहा वर्षांचें वचन मिळालें. याउलट, दिसण्यांत भारी परंतु दोनतीन वर्षांतच पोरके होणारे फोनही बाजारांत आहेत. एक खुबी मात्र ध्यानांत ठेवावी. हीं वर्षें सामान्यतः फोन बाजारांत आल्या दिवसापासून मोजतात, आपण विकत घेतल्या दिवसापासून नव्हे. दोन वर्षांपूर्वींचा फोन सवलतींत मिळाला, तर सवलतीबरोबर आयुष्यांतील दोन वर्षेंही वजा झालीं असें समजावें.

हिशेब असा मांडावा. समजा, एक फोन ८०,००० रुपयांचा असून सात वर्षें टिकला. त्याचा वार्षिक खर्च सुमारें ११,४०० रुपये. दुसरा १४,००० रुपयांचा. पण दोन वर्षांतच बदलावा लागला. वार्षिक ७,००० रुपये. तिसरा २०,००० रुपयांचा असून पांच वर्षें सुरक्षित राहिला. वार्षिक ४,००० रुपये. सर्वांत महाग तो पहिला खराच. परंतु सर्वांत स्वस्त दिसणारा दुसरा फोन मात्र तिसऱ्याहून महाग पडला.

दुसरा प्रश्न आपल्या भाषेचा. दुकानांतच फोनचा मराठी कळफलक उघडून 'वाऱ्यावर', 'ऱ्हास', 'बाळ' आणि 'ॲप' हे शब्द लिहून पाहावे. 'ॲ' या अक्षरास संगणकाच्या जागतिक लिपिसंचांत, म्हणजे युनिकोडमध्यें, स्वतंत्र स्थान मिळालें तें २००८ सालीं. हीं अक्षरें सहज उमटतात कीं नाहींत, आणि अक्षर मोठें केल्यावर ओळी मोडतात कीं काय, हें वडीलधाऱ्या माणसांच्या हातांत फोन देऊनच पाहावें.

तिसरा प्रश्न दुरुस्तीचा. अधिकृत दुरुस्तीची सोय आपल्याच शहरांत आहे काय? पडदा फुटल्यास व बॅटरी बदलावयाची झाल्यास किती रुपये पडतील? बॅटरी ही झिजणारी वस्तु आहे आणि उष्णता तिची वैरीण आहे. ॲपलनें आपल्या फोनसाठीं वापराची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस सांगितली आहे. नाशिकचा चैत्र-वैशाख ती सहज ओलांडतो. तेव्हां कोणताही फोन घेतला तरी तो उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत ठेवूं नये, आणि बॅटरी थकली म्हणून सबंध फोन टाकूंही नये.

एका प्रणालीवरून दुसरीवर जाण्याचें भय पूर्वींइतकें आतां राहिलें नाहीं. आपल्याकडे निरोपांची देवघेव मुख्यतः व्हॉट्सॲपवर चालते व तें दोन्हीकडे आहे. जुनीं संभाषणें इकडून तिकडे नेण्याची सोयही २०२१-२२ सालांत झाली. २०२३ सालच्या आयफोन १५ पासून चार्जरची तारही बहुतेक सर्व नव्या फोनांशीं जुळते.

वापरलेला फोन घ्यावयाचा असल्यास एक खबरदारी अवश्य घ्यावी. फोनवर *#०६# हे आंकडे दाबले म्हणजे त्याचा पंधरा आंकडी आयएमईआय क्रमांक दिसतो. 'केवायएम' हीं तीन अक्षरें रोमन लिपींत लिहून, जागा सोडून तो क्रमांक लिहावा व १४४२२ या क्रमांकास संदेश पाठवावा. फोन काळ्या यादींत असल्यास दूरसंचार खात्याच्या या व्यवस्थेंतून तें कळतें. आणि दुर्दैवानें पैशाची फसवणूक झालीच, तर विलंब न लावतां १९३० या क्रमांकावर कळवावें. तेथें पहिल्या कांहीं तासांचें मोल फार आहे.

मग आयफोन कोणीं घ्यावा? ज्यांना चलच्चित्रें काढण्याचें काम आहे, ज्यांच्या घरीं ॲपलचीं इतर यंत्रें आहेत, किंवा जुना फोन विकतांना चांगली किंमत यावी अशी ज्यांची अपेक्षा आहे, त्यांनीं तो खुशाल घ्यावा. मात्र तो पुरा वापरावा. ज्यांना केवळ शेजाऱ्याच्या हातीं दिसला म्हणून तो हप्त्यांनीं घ्यावासा वाटतो, त्यांनीं एवढेंच विचारावें कीं, हप्ते संपल्यावर हा फोन आणखी किती वर्षें सुरक्षित राहील, आणि त्यानंतर तो घरांतील कोणाच्या हातीं जाईल? या दोन प्रश्नांचें उत्तर समाधानकारक मिळालें, तर फोनच्या पाठीवर कोणतें चिन्ह आहे याला फारसें महत्त्व उरत नाहीं.