संगणक सुरू होईना!

सोमवारी हजेरी घेत होतो, तेवढ्यात चौथीची दोन मुलं धावत आली. "गुरुजी, संगणक मेला!"

बालमित्रांनो, माझ्या पोटात धस्स झालं. मोरगाव आणि आसपासच्या वाड्यांवरच्या आज्यांकडून मुलांनी गोळा केलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यात होत्या. महिनाभर खपून टाइप केलेल्या. कच्चे कागद केव्हाच रद्दीत गेले. त्यातल्या एक आजी आता नाहीत. दुसरी प्रत काढायची, तर मी "उद्या करू" म्हणत राहिलो. चूक माझीच!

काळ्या पडद्यावर एकच ओळ होती. सुरू करायला डिस्क सापडत नाही, अशा अर्थाची.

हार्ड डिस्क म्हणजे संगणकाचं कपाट. आमच्या जुन्या डिस्कमध्ये गुळगुळीत तबकड्या मिनिटाला ७२०० वेळा फिरतात. वाचणारं टोक तबकडीला न टेकता, केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगतं. (नव्या एसएसडीत काहीच फिरत नाही.) बटण दाबलं की संगणक आधी स्वतःची हजेरी घेतो, मग डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्याकडे जातो. अष्टविनायकाची यात्रा आपल्या मयूरेश्वरापासून सुरू करतात ना, तसंच. जुन्या पद्धतीत हा कप्पा अवघा ५१२ बाइटचा. पुढची वाट तिथे लिहिलेली. ती पुसली गेली, तर कपाट भरलेलं असूनही उघडत नाही.

'मायकेलअँजेलो' नावाचा व्हायरस नेमका इथेच दडायचा. फ्लॉपीतून शिरायचा आणि ६ मार्चला डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहायचा. १९९२ साली त्याने जगभर घबराट उडवली. पुण्यात कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. त्यांचा धाकटा भाऊ संजय संगणक शिकत होता. त्याने या व्हायरसवर उतारा लिहिला. त्यांची कंपनी पुढे 'क्विक हील' झाली.

आमच्याकडेही व्हायरसच असेल का? मी आधी डब्याला कान लावला. टक्-टक् आवाज आला असता, तर लगेच बंद करून जाणकाराकडे नेला असता. अशा वेळी पुन्हा पुन्हा चालू केलं की तबकडी खरवडते. डिस्कचं झाकण तर कधीच उघडू नये, धुळीचा कणही घात करतो. पण आवाज संथ होता. मागे एक पेनड्राइव्ह विसरला होता, तो काढला. ओळ तशीच! मग सेटअपचं पान उघडलं. डिस्कच्या यादीत आमच्या डिस्कचं नावच नव्हतं.

इथे एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, फिरतेय म्हणजे लाइट पोचतेय. नाव नाही म्हणजे निरोप पोचत नाही."

अगदी बरोबर! पहिला कप्पा पुसला असता, तरी यादीत नाव दिसलं असतं. प्लग काढला, डबा उघडला. शनिवारी झाडलोटीला टेबल ओढलं होतं, तेव्हा निरोपाची केबल निसटली होती. घट्ट बसवली. चालू!

(पालकांनो, दुकानदाराने "फॉरमॅट मारू का?" विचारलं, तर लगेच हो म्हणू नका. फॉरमॅट म्हणजे कपाट रिकामं. आधी आतलं सामान वाचवायला सांगा.)

सगळ्यात आधी ओव्यांच्या दोन प्रती काढल्या. एक शाळेत, एक माझ्या घरी. तोवर मुलं गणिताचा तास विसरून पडद्याभोवती जमली होती, आपापल्या आजीचं नाव शोधत.