गांजाबंदीची पूर्वकथा

गांजा हा शब्द कानीं पडतांच चिलीम ओढणारा बैरागी आणि त्याला हटकणारा पोलीस अशीं दोन चित्रें मनश्चक्षूंपुढें उभीं राहतात. पैकीं पहिलें फार प्राचीन आहे. दुसरें मात्र तितकें जुनें नाहीं. १९८५ पूर्वीं सबंध देशाला लागू अशी गांजाची सरसकट बंदी नव्हती. पुष्कळ ठिकाणीं अबकारी कर घेऊन परवानेदार दुकानांतून तो विकला जाई. मग ही बंदी आली कोठून?

एकाच झाडाचीं पानें म्हणजे भांग, मादी झाडाचे फुलोरे म्हणजे गांजा व त्याची राळ म्हणजे चरस. हा भेद ध्यानांत ठेवला म्हणजे पुढील हकीकत समजण्यास सोपी जाते.

या पदार्थांनीं माणसें वेडीं होतात, असा समज गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत विलायतेंत पसरला होता. १८९३ च्या मार्चमध्यें मद्यपाननिषेधाचे पुरस्कर्ते केन यांनीं कॉमन्स सभेंत हा प्रश्न काढला आणि त्याच वर्षीं सरकारनें चौकशी कमिशन नेमलें. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष होते. एकंदर सात सभासदांपैकीं तिघे हिंदी होते. कमिशननें ११९३ साक्षीदारांचें म्हणणें नोंदून घेतलें. मुंबईचे अधिकारी कॅम्बेल यांनीं तर लोकांच्या धर्माचारांत भांगेला असलेल्या स्थानावर स्वतंत्र टिपण सादर केलें.

परंतु कमिशनचें खरें श्रेय वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी तपासण्यांत आहे. वेड्याला इस्पितळांत पोंचविणारा बहुधा पोलीस असे. त्याच्याजवळच्या कागदांत वेडाच्या कारणाचा एक रकाना असे आणि तो भरणें त्याला प्राप्त असे. खरें कारण कोणास ठाऊक? ‘गांजा’ हा शब्द सोयीचा होता. तोच शब्द इस्पितळाच्या वहींत उतरे, वहींतून वार्षिक अहवालांत जाई, आणि अहवालांत छापला गेला कीं त्याला शास्त्राची प्रतिष्ठा येई! कमिशननें १८९२ सालच्या रोग्यांची फिरून चौकशी केली, तेव्हां १३४४ पैकीं अवघ्या ९८ जणांच्या वेडाशीं या पदार्थांचा कांहीं संबंध जोडतां आला. केवळ त्यांच्यामुळेंच वेड लागलें असें म्हणण्याजोगे रोगी ६१ च निघाले.

१८९४ च्या अहवालाचें तात्पर्य असें कीं, अतिरेक घातक खरा. परंतु मित सेवनापासून विशेष अपाय होत नाहीं. बंदी केल्यास लोकांच्या धर्मभावना दुखावतील व व्यसनी मनुष्य याहून वाईट मादक पदार्थांकडे वळेल. म्हणून कर व नियंत्रण हाच मार्ग बरा. सरकारला या करापासून उत्पन्न होतें, तेव्हां निष्कर्षाकडे संशयानें पाहणारेही होते. तथापि सारा पुरावा छापलेला होता. ज्याला शंका असेल त्यानें तो पडताळून पाहावा.

पुढें मात्र प्रश्न चौकशीच्या हातून मुत्सद्द्यांच्या हातीं गेला. जिनीव्हा येथें अफूसाठीं भरलेल्या परिषदेंत ईजिप्तच्या प्रतिनिधीनें चरसाचा विषय काढला, आणि १९२५ च्या करारांत गांजाच्या निर्यातीवर निर्बंध आले. अमेरिकेनें १९३७ मध्यें जबर कर बसवून त्याचा व्यवहार जवळजवळ बंद पाडला. तेथील वैद्यकसंघाच्या प्रतिनिधीनें केलेला विरोध फुकट गेला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें गांजाला अत्यंत कडक यादींत घातलें आणि जेथें त्याचें सेवन रूढ होतें अशा देशांना तें बंद करण्यास पंचवीस वर्षांची मुदत दिली. ती संपत आली असतां, १९८५ मध्यें, भारतानें आपला कायदा केला. त्यांतून नुसतीं पानें वगळलीं, म्हणून भांग राज्यांच्या नियमांवर सोपविली गेली. २०२० च्या डिसेंबरमध्यें संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानें २७ विरुद्ध २५ मतांनीं गांजाला त्या कडक यादींतून काढलें. भारताचें मत काढण्याच्या बाजूनें पडलें.

यावरून गांजा निर्दोष ठरतो, असें कोणीं समजूं नये. मुद्दा निराळाच आहे. गणितांत उत्तराइतकीच रीतीलाही किंमत असते. ज्या कायद्यानें मनुष्य तुरुंगांत जातो, त्याच्या मुळाशीं तपासलेला पुरावा आहे कीं घाईनें भरलेला रकाना, हें विचारणें सुजाण नागरिकाचें कर्तव्यच होय.