निकृष्ट जमिनीची श्रीमंती : महाराष्ट्रातील कीटकभक्षी वनस्पती

जमीन निकस असेल तर पीक येत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. परंतु जमिनीला खत मिळाले म्हणून नाहीशा होणाऱ्या वनस्पतीही आहेत, ही गोष्ट मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूरचा परिसर घ्या. कापूस, सोयाबीन आणि तूर ही या भागाची पिके आणि काळी माती ही त्यांची माउली. इथे काळ्या रानाला मान असतो आणि चढावरच्या मुरमाड बरडाकडे कोणी वळून पाहत नाही. पिकाखाली न येणाऱ्या तुकड्याची नोंद सातबाऱ्यावर 'पोटखराबा' अशी होते. महसूल खात्याच्या दृष्टीने हिशेब तेथेच संपतो. वनस्पतिशास्त्राचा एक विलक्षण अध्याय मात्र नेमका अशाच उपेक्षित जमिनींवर सुरू होतो. तो अध्याय आहे कीटकभक्षी वनस्पतींचा.

शाळेच्या पुस्तकात घटपर्णीचे चित्र पाहिलेले असल्यामुळे या वनस्पती आसाम-मेघालयात किंवा परदेशातच असतात, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः महाराष्ट्रात त्या सह्याद्रीच्या पठारांपासून पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यापर्यंत आढळतात. त्या आकाराने लहान असतात, वर्षातले काही महिनेच दिसतात आणि त्यांच्याकडे पाहण्यासाठी गुडघे टेकावे लागतात. त्यामुळे त्या नजरेतून निसटतात.

सापळ्याचा हिशेब

कीटकभक्षी वनस्पती किडे खाते म्हणजे ती अन्नासाठी किड्यांवर जगते, असे नव्हे. इतर हिरव्या वनस्पतींप्रमाणे तीही सूर्यप्रकाशात आपली साखर स्वतःच तयार करते. तिला किड्याकडून हवे असतात ते नत्र आणि स्फुरद. शेतकरी जे युरिया आणि सुपर फॉस्फेटच्या गोणीतून देतो, तेच ही वनस्पती माशी-मुंगीच्या शरीरातून मिळवते.

मग सर्वच वनस्पतींनी हा मार्ग का पत्करला नाही? याचे उत्तर जमाखर्चात आहे. सापळ्यात रूपांतर झालेले पान प्रकाश गोळा करण्याच्या कामी कमी पडते. चिकट द्रव, पाचक रस आणि हालचाल या सर्वांवर ऊर्जा खर्च होते. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ थॉमस गिव्हनिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हा हिशेब मांडला. जेथे ऊन भरपूर, पाणी मुबलक आणि मातीत पोषकद्रव्ये अत्यल्प, अशा जागीच हा व्यवहार फायद्याचा ठरतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. सावली पडली, पाणी आटले किंवा खत मिळाले, की सापळा बाळगणारी वनस्पती तोट्यात जाते आणि शेजारचे साधे गवत तिला झाकून टाकते. या वनस्पती कोठे आहेत आणि कोठे नाहीत, याची किल्ली या तीन अटींत आहे.

एकच पाषाण, दोन माती

अल्लीपूरची काळी माती आणि साताऱ्याजवळच्या कास पठाराचा जांभा यांचे मूळ एकच आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि त्यातून काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट तयार झाला. पुढे पावसाने या एकाच खडकाच्या दोन वाटा केल्या. महाबळेश्वरच्या परिसरात वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. वर्धा जिल्ह्यात तो साधारण एक हजार मिलिमीटर असतो. पश्चिमेकडच्या माथ्यांवर लक्षावधी वर्षे कोसळणाऱ्या पावसाने खडकातील चुना, मॅग्नेशियम, पोटॅश यांसारखी विरघळणारी द्रव्ये धुऊन नेली. मागे उरले ते लोह आणि ॲल्युमिनियम यांनी भरलेले लालसर, सच्छिद्र, कठीण कवच. हाच जांभा. पूर्वेकडे कमी पावसात ही द्रव्ये मातीतच राहिली आणि खोल, चिकण, चुनखडीयुक्त काळी जमीन तयार झाली.

येथे एक गैरसमज टाळायला हवा. काळ्या जमिनीतही नत्र आणि स्फुरद यांची कमतरता असते. म्हणूनच तर शेतकऱ्याला खत घालावे लागते. तरीही कीटकभक्षी वनस्पती या मातीत दिसत नाहीत, कारण उरलेल्या अटी तेथे पूर्ण होत नाहीत. पावसाळा सरताच ही माती आक्रसते आणि भेगाळते. ओल असते तोवर तीवर उंच तण आणि गवत माजते, त्यात वीतभर उंचीच्या झाडाला ऊन मिळत नाही. पठारावरच्या जांभ्यावर मात्र मातीचा थर अनेक ठिकाणी इतका पातळ असतो, की उंच वाढणाऱ्या झाडाला मूळ धरायलाही जागा नसते. जून ते ऑक्टोबर तेथे पाणी पाझरत आणि साचत राहते. धुक्यापावसाचे दिवस संपले, की आभाळ मोकळे आणि ऊन लख्ख. तिन्ही अटी पुऱ्या होतात.

दवबिंदू आणि सीतेची आसवे

महाराष्ट्रातील कीटकभक्षी वनस्पती प्रामुख्याने दोन गटांत मोडतात. पहिला गट दवबिंदूंचा, म्हणजे ड्रॉसेराचा. यातील एक जाती, ड्रॉसेरा बर्मानी, जमिनीला चिकटून वाढते. तिचा पानांचा लालसर झुबका बरेचदा रुपयाच्या नाण्याएवढा असतो. दुसरी, ड्रॉसेरा इंडिका, उभी वाढते आणि तिची पाने गवताच्या पात्यासारखी अरुंद असतात. दोघींच्याही पानांवर बारीक केस असून प्रत्येक केसाच्या टोकाला चकाकणारा थेंब असतो. सकाळच्या उन्हात ते दव वाटते, परंतु दुपार झाली तरी हे दव वाळत नाही. थेंबाच्या मोहाने आलेला किडा त्या चिकात अडकतो, सुटण्यासाठी धडपडतो आणि त्या धडपडीनेच आजूबाजूचे केस त्याच्यावर वाकतात. बर्मानीच्या कडेचे केस तर काही सेकंदांत आत वळतात. नंतर पाचक रस स्रवतात आणि काही दिवसांनी किड्याचे पोकळ कवच तेवढे शिल्लक राहते. बर्मानीची पांढरी फुले लांब देठावर, सापळ्यापासून बरीच उंच फुलतात. परागीभवनासाठी येणारा पाहुणा आणि पोटात जाणारे भक्ष्य यांची गल्लत होऊ नये, याला ही रचना उपयोगी पडत असावी.

दुसरा गट युट्रिक्युलॅरियाचा. सप्टेंबरमध्ये कासच्या पठारावर जांभळ्या-निळ्या फुलांचा जो गालिचा पसरतो, त्यात 'सीतेची आसवे' या नावाने ओळखली जाणारी युट्रिक्युलॅरिया असते. गेंदाची पांढरी, तेरड्याची गुलाबी आणि हिची जांभळी फुले यांचे छायाचित्र न घेता कोणी परतत नाही; परंतु आपण एका शिकारी वनस्पतीच्या मैदानात उभे आहोत, हे बहुतेकांच्या गावीही नसते. कारण हिचे सापळे जमिनीखाली असतात. या वनस्पतीला खरी मुळे नसतात. ओल्या मातीत पसरलेल्या तिच्या धाग्यांवर मोहरीपेक्षाही लहान पिशव्या लटकलेल्या असतात. पिशवीच्या भिंतीतील ग्रंथी आतले पाणी सतत बाहेर फेकतात, त्यामुळे आत दाब कमी होऊन भिंती खोलगट होतात. दाराशी असलेल्या केसाला एखाद्या सूक्ष्म जीवाचा स्पर्श झाला, की झडप आत उघडते आणि पाण्याच्या लोटाबरोबर तो जीव ओढला जातो. या सर्व क्रियेला सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढाच वेळ लागतो. वनस्पतिसृष्टीतील अतिशय वेगवान हालचालींत तिची गणना होते.

या गटाचे वैविध्य आजही पूर्णपणे उलगडलेले नाही. भारतात युट्रिक्युलॅरियाच्या तीन डझनांहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील अनेक पश्चिम घाटात आढळतात. भारतीय जातींचा सविस्तर अभ्यास एम. के. जनार्थनम आणि ए. एन. हेन्री यांच्या १९९२ मधील ग्रंथात एकत्रित झाला. पुढे २००० मध्ये डॉ. एस. आर. यादव आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातून एक नवी जाती नोंदवली आणि जनार्थनम यांच्या सन्मानार्थ तिला युट्रिक्युलॅरिया जनार्थनमी असे नाव दिले. शहरांपासून काही तासांच्या अंतरावर असलेल्या पठारांवर विज्ञानाला अपरिचित वनस्पती एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत उभी होती, ही बाब विचार करायला लावणारी आहे.

कोकणचे सडे, विदर्भाचे तलाव

रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातील जांभ्याचे सडे अलीकडे कातळशिल्पांमुळे चर्चेत आले. पावसाळ्यात याच सड्यांवरच्या उथळ डबक्यांत आणि पाझरांच्या कडेने दवबिंदू आणि युट्रिक्युलॅरिया वाढतात. उन्हाळ्यात करपलेल्या त्या काळ्या कातळाकडे पाहून याची कल्पनाही येत नाही. बियांच्या रूपाने कोरडे महिने काढायचे आणि चार महिन्यांत आयुष्य उरकायचे, असा यांतील बहुतेकांचा क्रम असतो.

विदर्भात चित्र पालटते. काळ्या मातीचा पट्टा ओलांडून पूर्वेला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे गेले, की खडक बदलतो, पाऊस वाढतो आणि धानाची शेती सुरू होते. येथील माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच 'मामा तलाव', ही कित्येक पिढ्यांची देणगी आहे. अशा तलावांच्या स्वच्छ, उथळ पाण्यात युट्रिक्युलॅरियाच्या पाणवनस्पती असलेल्या जाती तरंगतात. त्यांची पिवळी फुले पाण्यावर डोकावतात आणि पाण्याखालच्या पिशव्या जलपिसवांसारखे जीव, प्रसंगी डासांच्या अगदी लहान अळ्याही टिपतात. धानपट्ट्यातील ओल्या, निकस माळांवर दवबिंदूही वाढतो. अल्लीपूरच्या बाजूला कोणाला शोध घ्यायचाच असेल, तर त्याने काळी शेते सोडून पावसाळ्यात पाझरणारा मुरमाड उतार आणि जुन्या तळ्याचा उघडा काठ पाहावा. अभ्यासकाला शोधाची दिशा या तीन अटीच दाखवतात.

जगाच्या नकाशावर

या अटी केवळ महाराष्ट्रापुरत्या नाहीत. जगात कीटकभक्षी वनस्पतींच्या सुमारे ८०० जाती ज्ञात आहेत आणि अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांवर त्या आढळतात. परंतु त्यांची वाटणी अतिशय असमान आहे. ड्रॉसेराच्या निम्म्याहून अधिक जाती एकट्या ऑस्ट्रेलियात आहेत, त्याही मोठ्या संख्येने नैर्ऋत्य कोपऱ्यातील प्राचीन, पोषकद्रव्ये धुऊन गेलेल्या वालुकामय जमिनीवर. प्रसिद्ध व्हीनस फ्लायट्रॅप जगभरच्या रोपवाटिकांत मिळत असली, तरी निसर्गतः ती अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण कॅरोलायना राज्यांच्या किनारी भागातील छोट्या पट्ट्यापुरतीच आहे. घटपर्णीचे मुख्य घर बोर्निओ, सुमात्रा, फिलिपिन्स; भारतात तिची एकच जाती, नेपेंथिस खासियाना, मेघालयाच्या टेकड्यांत टिकून आहे. या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत.

चार्ल्स डार्विनने १८७५ मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि या झाडांना किड्यांपासून खरोखरच पोषण मिळते, हे प्रयोगांनी दाखवून दिले. आज आपल्याला ठाऊक आहे, की हा गुण एकाच पूर्वजाकडून सर्वांना मिळालेला नाही. परस्परांशी दूरचे नाते असलेल्या कुळांत तो अनेकदा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाला. दारिद्र्याचा प्रश्न सारखा असला, की उत्तरेही सारखी निघतात, असे म्हणावे लागेल.

धोका सुबत्तेचा

या वनस्पतींपुढचे संकट थोडे निराळे आहे. त्यांना कोणी तोडले नाही, तरी केवळ आजूबाजूची जमीन 'सुधारली' म्हणून त्या संपू शकतात. आरन एलिसन आणि निकोलस गोटेली या संशोधकांनी उत्तर अमेरिकेतील एका कलशधारी वनस्पतीला नत्राचा जादा पुरवठा केला. तिने शिकारी कलश कमी केले आणि साधी चपटी पाने वाढवली, असे त्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केले. ती वनस्पती स्वतःला बदलू शकली. आपला चिमुकला, वर्षायू दवबिंदू मात्र खतावर फोफावणाऱ्या गवताशी स्पर्धा करू शकत नाही. शेतातून वाहून येणारे खत तलावात उतरले, की पाणी हिरवे होते, शेवाळ माजते आणि निर्मळ पाण्यातल्या युट्रिक्युलॅरियाचा ऊन-पाण्याचा वाटा हिरावला जातो. काठावर बेशरमचे झुडूप पसरले, की उरलेली जागाही जाते.

पठारांची कथा आणखी वेगळी. पडीक जमिनींच्या सरकारी वर्गवारीत 'उजाड खडकाळ क्षेत्र' असा एक प्रकार असतो. एकदा उजाड म्हटले, की तेथे काहीही करायला मोकळीक मिळाल्यासारखे होते. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आल्या, कोल्हापूर जिल्ह्यातील पठारांवर बॉक्साइटसाठी खाणी झाल्या, कोकणच्या सड्यांवर चिरेखाणी पसरल्या आणि कातळ फोडून आंब्याच्या बागा उभ्या राहिल्या. यातील प्रत्येक गोष्टीमागे कोणाची तरी गरज आणि रोजगार आहे, हे नाकारता येणार नाही. परंतु निर्णय घेताना पारड्याच्या दुसऱ्या बाजूला काय आहे, हे निदान मोजले जावे. जांभ्याचे कवच तयार व्हायला लक्षावधी वर्षे लागली. ते फोडल्यावर पुन्हा बसवता येत नाही. झाडे लावून भरपाई करण्याचा मार्गही येथे लागू पडत नाही, कारण उघड्या पठारावर केलेले वृक्षारोपण म्हणजे दवबिंदूच्या दृष्टीने सावलीचे आक्रमण.

कास पठाराला २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत स्थान मिळाले. तेथे पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा आणि नोंदणीची व्यवस्था आली, ही स्वागतार्ह बाब होय. परंतु कास हे अनेक पठारांपैकी एक आहे. बाकीच्या निनावी सड्यांना, माळांना आणि गावतळ्यांना असे कवच नाही. तेथे रक्षणाची पहिली पायरी म्हणजे नोंद. गावोगावच्या जैवविविधता नोंदवह्यांत शेतीची वाणे आणि मोठी झाडे लिहिली जातात, तशी पावसाळ्यात पाझरणाऱ्या माळाची आणि त्यावरच्या इवल्या रोपांचीही नोंद व्हावी. जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यासाठी दूरच्या सहलीची गरज नाही. ऑगस्ट-सप्टेंबरमधील काही सकाळी आणि एक भिंग पुरेसे आहे.

पर्यटकांनीही दोन गोष्टी पाळाव्यात. पठारावर मळलेली वाट सोडू नये, कारण बोटभर जाडीच्या मातीवर पडलेले पाऊल तिथल्या रोपांना चिरडून टाकते. आणि दवबिंदू उपटून घरच्या कुंडीत लावण्याचा मोह आवरावा. कुंडीतली खतावलेली माती आणि नळाचे क्षारयुक्त पाणी त्याला सहसा मानवत नाही.

काळ्या मातीने विदर्भाला कापूस दिला, तिचा गौरव योग्यच आहे. परंतु ज्या जमिनीने आपल्याला काहीच दिले नाही असे आपण समजतो, तिने सेकंदाच्या हजाराव्या भागात मिटणारी झडप आणि दुपारच्या उन्हातही न वाळणारे दव घडवले आहे. पुढच्या वेळी सातबाऱ्यावर 'पोटखराबा' हा शब्द वाचताना एवढे लक्षात राहिले, तरी त्या तुकड्याकडे पाहण्याची दृष्टी बदलेल.